नोकरी सांभाळून फिक्श्चर डिझाइनची कामं घ्यायची आहेत. दर कसा सांगायचा?

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. जोडउत्पन्नावरचे जुने धागे चाळले. शेअर बाजार, यूट्यूब, क्लासेस, घरगुती मसाले सगळं सापडलं, पण माझं प्रकरण कारखान्यातलं आहे, त्यावर कोणी लिहिलेलं दिसलं नाही.

मी मेकॅनिकलचा डिप्लोमावाला. आधी उद्यमनगरात एका छोट्या वर्कशॉपला होतो, आता शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये टूल डिझाइनला आहे. जिग, फिक्श्चर (मशीनवर नग पक्का धरणारं साधन), गेज, दिवसभर हेच. हातात अडतीस हजार पडतात. त्यातले चौदा घराच्या हप्त्याला जातात, मुलगी यंदा पहिलीला गेली, आईची शुगरची औषधं चालू आहेत. अडलंय असं नाही, पण शिल्लक काही पडत नाही. महिन्याला दहा-बारा हजार वरचे आले तर हप्ता तरी लवकर फिटेल, एवढाच हिशोब.

आता मुद्द्यावर येतो. ओळखीच्या एकांचं गोकुळ शिरगावला मशीन शॉप आहे. त्यांना एका कास्टिंग (ओतीव) ब्रॅकेटचं काम मिळालंय, व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या संगणकीय मशीनवर) दोन सेटअप, म्हणजे नग दोनदा वेगवेगळा धरून. फोनवर म्हणाले, "एवढं फिक्श्चर काढून दे की भावा, तुला काय अवघड हाय? पैशाचं तूच सांग." काम अवघड नाहीच. पण पैशाचं "तूच सांग" म्हटल्यावर मी गप्प झालो. कंपनीत डिझाइनचे वेगळे पैसे कोणी लावत नाही, ते फिक्श्चरच्या किमतीत मुरलेले असतात. बाजारात नुसत्या डिझाइनला काय देतात, मला खरंच माहीत नाही.

शिवाय सॉफ्टवेअर कंपनीच्या संगणकावर, घरी साधा लॅपटॉप. नेमणूकपत्रात "पूर्ण वेळ आणि लक्ष कंपनीच्या कामास" असं एक वाक्य आहे. बिल कसं करायचं, जीएसटी लागतो का, टॅक्सचं काय होतं, या सगळ्यात मी कोरा आहे.

आमच्या सौ. म्हणतात, आधी पैसे ठरव, मगच लॅपटॉप उघड. जाणकारांनी सांगावं.

जिग-बोअर

वयाने लहान दिसतोस, म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. मी भोसरीत टूलरूमला होतो, गेली वीसेक वर्षं घरूनच डिझाइन करतो. चाकण, रांजणगाव, अधूनमधून तुमच्या कागल पंचतारांकितचीही कामं येतात.

तू दर विचारलास, पण त्या गृहस्थांनी तुला दिलंय काय, ते लिहिलं नाहीस. फोनवर ब्रॅकेट म्हणाले, एवढंच ना? मग दर कशाचा सांगणार? माझ्याकडे कोणी आलं की पहिल्यांदा मी मागायची यादी धरतो. मशीनिंगचं ड्रॉइंग हवं, आणि कास्टिंगचंही वेगळं हवं. बहुतेक जण पहिलं देतात, दुसऱ्याबद्दल "तेच की ओ" म्हणतात. ते तेच नसतं. पार्टिंग लाइन (साच्याच्या दोन भागांचा सांधा) कुठून जाते, गेट आणि रायझर (धातू ओतायची वाट आणि जादा धातूचा साठा) कुठे तोडलाय, ड्राफ्ट (साच्यातून सुटायला दिलेला उतार) किती अंश आहे, हे कास्टिंगच्या ड्रॉइंगवरच कळतं. तू रेस्ट पॅड (नग टेकायचा आधार) नेमका रायझर घासलेल्या जागी ठेवलास, तर प्रत्येक नग वेगळा बसणार, आणि मग फोन येणार, "तुमचं फिक्श्चर चुकलंय."

दुसरं मशीन. नुसतं व्हीएमसी म्हणून भागत नाही. टेबलाची मापं, टी-स्लॉटचं अंतर, एक्स-वाय-झेड ट्रॅव्हल, टेबल किती वजन पेलतं, आणि स्पिंडल नोज (टूल धरणारं टोक) ते टेबल कमीत कमी किती अंतर राहतं. हे शेवटचं कोणी सांगत नाही, आणि फिक्श्चर तयार झाल्यावर टूल तिथपर्यंत पोचतच नाही असं निघतं. दोन सेटअप म्हणतोस, तर पहिल्या सेटअपला काय मशीन होऊन येणार? त्यातली दोन भोकं दुसऱ्याला लोकेशनला (नग नेमक्या जागी बसवायला) वापरता येतील का? महिन्याला नग किती? दोनशे नगांना मी साधे स्ट्रॅप क्लॅम्प देईन, पाच हजारांना हायड्रॉलिकचा विचार करीन. ही दोन वेगळी डिझाइनं आहेत, त्यांचे पैसेही वेगळे.

एवढं हातात आल्याशिवाय मी आकडा तोंडातून काढत नाही. समोरचा वैतागतो, वैतागू दे. जो माहिती द्यायला वैतागतो तो पैसे द्यायलाही वैतागतो, हे मी खात्रीने सांगतो.

आता आकडा. साधं हातक्लॅम्पवालं व्हीएमसी फिक्श्चर धर. कन्सेप्ट आणि थ्रीडी मिळून सात-आठ तास. डिटेलिंगला (एकेका भागाच्या ड्रॉइंगला) बारा-पंधरा शीट होतात, त्याचे दहा-बारा तास. बीओएम (लागणाऱ्या भागांची यादी), तपासणी, फोनाफोनी यांचे तीन-चार. झाले वीस ते चोवीस तास. नवीन माणसाने ताशी चारशेच्या खाली उतरू नये असं माझं मत. म्हणजे आठ ते साडेनऊ हजार. दुसऱ्या बाजूने पडताळून बघ: असं फिक्श्चर बनवायला ऐंशी-नव्वद हजार लागत असतील, तर त्याच्या दहा-बारा टक्के डिझाइनला जातात, हा माझा ठोकताळा. दोन्हीकडून आकडा जवळपास तोच आला की तो सांगून मोकळं व्हायचं. तुझ्याकडे दोन सेटअप, म्हणजे फिक्श्चरही दोन. एकाच पार्टची असल्याने दुसऱ्याला वेळ कमी लागतो, दोन्हीचे मिळून सोळा-सतरा हजार मागायला हरकत नाही.

पण समोरच्याला तास सांगू नकोस. तो हिशोब आपल्या वहीत. त्याला फिक्श्चरचा ठोक आकडा सांगायचा. तास सांगितलेस की तो तुझ्या तासांवर घासाघीस करतो आणि "एवढे कशाला लागतात" म्हणून तुलाच डिझाइन शिकवतो.

पैसे तीन टप्प्यांत. कन्सेप्ट मंजूर झाला की ४० टक्के, ड्रॉइंगं देताना ४०, ट्रायलनंतर २०. ड्रॉइंगच्या पीडीएफ आणि डीएक्सएफ फाइली दुसरा टप्पा जमा झाल्यावरच पाठवायच्या, तोवर स्क्रीन शेअर करून दाखव, नाहीतर समोर बसून दाखव. कन्सेप्टमध्ये दोन वेळा बदल फुकट. पार्टच्या ड्रॉइंगची रिव्हिजन बदलली, तर तो नवा हिशोब. आणि हे सगळं ईमेलवर लिहून, त्यांच्याकडून "ओके" एवढं तरी उत्तर घेऊन. एका ओळखीच्याच माणसाने माझ्याकडून ड्रॉइंगं नेली, फिक्श्चर बनवून दोन वर्षं वापरलं आणि शेवटचा हप्ता मागितला तर म्हणाला, "अजून ट्रायल फायनल झाली नाही." तेव्हापासून मी ओळ घालतो: ट्रायल किंवा ड्रॉइंग दिल्यापासून ६० दिवस, जे आधी होईल ते.

राहिलं ते तुझ्या वेळेचं. संध्याकाळी घरी येऊन दोन तास बसणार, तेही जेवणानंतर. चोवीस तासांचं काम म्हणजे बारा बैठका. पाहुणे, लग्नं, मुलीचा ताप धरला तर तीन आठवडे. महिन्याला एकच फिक्श्चर तुझ्या अंगाला झेपेल, आणि गंमत म्हणजे तुला हवे असलेले दहा हजार जवळपास त्यातच येतात. दुसरं काम आलं तर नाही म्हणायचं किंवा तारीख पुढची द्यायची. रात्री एकला काढलेलं डिटेलिंग मी सकाळी बघितल्याशिवाय कधी पाठवत नाही. एच-७ च्या जागी एच-११ (भोकाच्या मापाला दिलेली जास्त सैल सूट) पडलेलं असतं कुठेतरी.

रात्रपाळी

एवढा विचार कशाला करताय राव. आमच्याकडे अर्धं डिझाइन डिपार्टमेंट बाहेरची कामं करतं, तीही कंपनीच्याच संगणकावर. पाचनंतर कोण बघतंय? सॉफ्टवेअरला एक रुपया लागत नाही. रोख घ्यायचे, विषय संपला.

हजेरीपट

रात्रपाळी, कोण बघतंय ते सांगते. मी बारा वर्षं कारखान्यांच्या एचआरमध्ये आहे. डिझाइनच्या संगणकावर कोणती फाइल कधी उघडली, पेनड्राइव्ह कधी लावला, बाहेरच्या मेलवर काय गेलं, याची नोंद आता मध्यम कंपन्याही ठेवतात. रोज कोणी ती चाळत बसत नाही हे खरं. पण माणसाशी बिनसलं की पहिल्यांदा तीच काढली जाते.

पंचगंगाकाठ, तुमच्या नेमणूकपत्रातलं ते वाक्य जवळजवळ प्रत्येक पत्रात असतं. त्याचा अर्थ बाहेरचं काहीच करू नका असा काढता येतो, आणि कंपनीच्या वेळेत करू नका एवढाच असाही. वाद कशावर पेटतो, तर बहुतेक वेळा प्रतिस्पर्ध्याच्या कामावर. २०२२ मध्ये विप्रोने तीनशे जणांना काढलं, ते त्याच वेळी प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करत होते म्हणून. त्याच वर्षी इन्फोसिसने आपल्या लोकांना बाहेरची छोटी कामं करायला मुभा दिली, अट अशी की वरिष्ठांची आधी परवानगी घ्यायची आणि काम प्रतिस्पर्ध्याचं किंवा ग्राहकाचं नसावं. ती आयटीवाल्यांची गोष्ट, पण रेघ तिथेच आहे.

तेव्हा सगळ्यात आधी हे बघा: गोकुळ शिरगावचे हे गृहस्थ तुमच्या कंपनीचे ग्राहक आहेत का? किंवा ज्या ब्रॅकेटचं काम त्यांना मिळालं, त्याच कामाला तुमच्या कंपनीनेही कोटेशन दिलं होतं का? कोल्हापुरात हे सहज शक्य आहे, सगळे एकाच दहा-बारा मोठ्या ग्राहकांच्या मागे असतात. तसं असेल तर हे काम सोडा, दहा हजारांसाठी नको. तसं नसेल तर मालकांना किंवा प्लांट हेडना सरळ सांगा. छोट्या कंपनीत मालक बहुतेकदा "आमच्या कामाला धक्का लागू देऊ नकोस" एवढं म्हणतात. तोंडी हो म्हणाले तरी नंतर दोन ओळींची मेल टाका: "आज बोलल्याप्रमाणे..." अशी. ती तुमच्याकडे राहते.

पीएफवरून कळेल अशी भीती काहींना असते. दोन ठिकाणी पगारी नोकरी केली तर एकाच यूएएनवर दोन वर्गण्या दिसतात, म्हणून कळतं. तुम्ही बिल देऊन काम करणार, त्यात पीएफ येत नाही.

वाचणाऱ्यांत कोणी सरकारी नोकर असतील तर हे सगळं त्यांना लागू नाही, त्यांचे वर्तणूक नियम वेगळे आणि कडक आहेत. शाळेतल्या शिक्षकांना तर खासगी शिकवणी शिक्षण हक्क कायद्यानेच बंद आहे. आमच्या सोसायटीत तरी ते कोणी वाचलेलं दिसत नाही, असो.

ताळेबंद

टॅक्सचं मी सांगतो. घाबरण्यासारखं काही नाही, उलट तुमच्या बाबतीत फारच सोपं आहे.

आधी जीएसटी. सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल वीस लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. तुम्ही वर्षाला लाख-दीड लाखांची कामं करणार, तेव्हा प्रश्नच नाही. पण मग बिलावर जीएसटी लावायचाही नाही. "टॅक्स इन्व्हॉइस" असं लिहायचं नाही, नुसतं "बिल" लिहा. नाव, पत्ता, पॅन, बिल क्रमांक, तारीख, कामाचं वर्णन, रक्कम, बँक खातं. क्रमांक ओळीने द्या, मधला गाळू नका. जमल्यास वेगळं बचत खातं काढा, पगाराच्या खात्यात मिसळलं की मार्चमध्ये तुम्हालाच शोधत बसावं लागतं.

आता प्राप्तिकर. ठरावीक व्यावसायिकांसाठी अनुमानित उत्पन्नाची सोय आहे, जुन्या आकड्याने ४४एडीए म्हणून ओळखतात. त्या यादीत अभियांत्रिकी आहे. एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची, निम्मी खर्चात गेली असं सरकार मानतं. वह्या ठेवायची सक्ती नाही. समजा वर्षात १,४४,००० ची बिलं झाली. उत्पन्न धरायचं ७२,०००. तुमचा पगार वर्षाचा ४,५६,००० धरू, त्यातून ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली, राहिले ३,८१,०००. दोन्ही मिळून ४,५३,०००. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य. म्हणजे एक रुपयाही भरायचा नाही. मग रोख घेऊन लपवायचं कशाला? रात्रपाळी यांनी याचं उत्तर द्यावं.

फरक फक्त रिटर्नच्या फॉर्ममध्ये पडतो. आजवर आयटीआर-१ भरत असाल. व्यवसायाचं उत्पन्न आलं की तो चालत नाही, अनुमानित पद्धतीला आयटीआर-४. आणि टीडीएस: एकाच ग्राहकाकडून वर्षात ५०,००० च्या वर व्यावसायिक फी गेली की टीडीएस कापण्याची जबाबदारी असलेला ग्राहक १० टक्के कापून पैसे देईल. ते बुडत नाहीत, प्राप्तिकराच्या पोर्टलवर तुमच्या नावावर दिसतात आणि रिटर्न भरल्यावर परत मिळतात. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकराचा नवा कायदा लागू. त्यात कलमांचे आकडे वेगळे आहेत, तेव्हा जुने आकडे पाठ करू नका.

आता खरी कामाची गोष्ट. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करा. सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅन लागतं, फी शून्य. हजार-दोन हजार मागणाऱ्या दिसायला सरकारी वेबसाइट खूप आहेत, तिकडे जाऊ नका. उद्यम असलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही मासिक चक्रवाढ. कायद्याचा हा दांडा २००६ पासून आहे, पण दातांना धार आली २०२४ पासून. ग्राहकाने मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्याला प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजा करता येतो, आणि त्याचा ऑडिटर मार्चमध्ये त्याच्या मागे लागतो. बिलावर उद्यम क्रमांक मोठ्या अक्षरात छापा. माझ्या एका अशिलाचे अडकलेले पैसे नोटीस न देता नुसता तो क्रमांक पाहून सुटले.

पंचगंगाकाठ

जिग-बोअर काका, हजेरीपट ताई, ताळेबंद साहेब, मनापासून आभार. एवढं कोणी समोर बसवूनही सांगत नाही.

ताईंच्या प्रश्नाचं उत्तर: ते आमचे ग्राहक नाहीत. कोटेशनचं बघितलं, आमच्याकडून या पार्टला गेलेलं नाही. मालकांशी काल बोललो. ते आधी हसले, मग म्हणाले, "रविवारी कर, आणि आपल्या फाइली बाहेर जाऊ देऊ नकोस." मेल टाकली, त्यावर अंगठा आलाय.

काकांनी सांगितलेली यादी गोकुळ शिरगावला पाठवली. अपेक्षेप्रमाणे फोन आला, "एवढं कशाला लागतंय?" पण मशीनची मापं आली, मशीनिंगचं ड्रॉइंगही आलं. कास्टिंगचं फौंड्रीकडून मागवतो म्हणाले.

सॉफ्टवेअरचं राहिलं. कंपनीचं वापरायचं नाही हे नक्की. क्रॅक (चोरीची प्रत) टाकायला मन घेत नाही. मग काय वापरू?

स्केच-प्लेन

क्रॅकचा विचार सोडलात ते बरं केलंत. ही चोरीची सॉफ्टवेअरं इंटरनेटला जोडली की आपली खबर ती बनवणाऱ्या कंपनीला देतात, आणि मग वकिलाचं पत्र येतं, रक्कम लाखांत. आमच्या अंबडला एका वर्कशॉपला आलं होतं. आणि तुम्ही ग्राहकाला फाइल देता, तिच्यातही खुणा राहतात.

मी नाशिकला असतो, दिवसा नोकरी, रात्री परदेशी फ्रीलान्स प्लॅटफॉर्मवर कॅडची कामं. तुमच्यासाठी पर्याय असे. फ्यूजन या कॅड सॉफ्टवेअरची वैयक्तिक आवृत्ती फुकट आहे, पण ती व्यावसायिक कामाला चालत नाही, अटींतच लिहिलंय. सॉलिड एजची कम्युनिटी आवृत्तीही तशीच. बरेच जण ती वापरून बिलं करतात, ते चूक आहे. फ्रीकॅड मात्र खरोखर मोफत आहे आणि धंद्यालाही चालतं. २०२४ च्या नोव्हेंबरात त्याची १.० आवृत्ती आली. त्यात असेंब्लीची सोय आली, आणि एखादी कड बदलली की पुढची सगळी फीचर्स मोडायची ती जुनी कटकट बरीच कमी झाली. हात बसायला वेळ जातो, ड्रॉइंग शीट काढायला तर विशेष. पण फिक्श्चर म्हणजे प्लेटा, ब्लॉक, पिना, पॅड. वेडेवाकडे पृष्ठभाग नसतात, त्याला पुरतं. पार्टचं मॉडेल स्टेप फाइलमध्ये (वेगवेगळ्या कॅडमध्ये उघडते ती) मागा.

दुसरा मार्ग: ग्राहकाकडे लायसन असलेलं सॉफ्टवेअर असेल तर रविवारी तिथेच जाऊन बसा. मशीन समोर, कास्टिंग हातात, शंका लगेच फिटते.

परदेशी प्लॅटफॉर्मबद्दल कोणी विचारलं नाही तरी सांगतो, कारण पुढे डोक्यात येईलच. पैसे डॉलरमध्ये दिसतात म्हणून भुलू नका. प्रत्येक कामावर डझनांनी बोली लागतात, बोली लावायलाही पैसे पडतात, प्लॅटफॉर्म आपला वाटा कापतो, रूपांतराचे वेगळे जातात. शिवाय तिकडे येणारी कामं फिक्श्चरची फार नसतात. खेळणी, डबे, कोणाच्या तरी डोक्यातला शोध, थ्रीडी प्रिंटची मॉडेलं असली असतात. मी ती करतो कारण मला ती आवडतात. तुमची विद्या वेगळी आहे. कास्टिंग कसं हलतं ते ज्याला कळतं त्याला गिऱ्हाईक तीस किलोमीटरच्या आत सापडतं.

आणि एक. टेलिग्रामवर "घरबसल्या ड्रॉइंग डिजिटायझेशन", "पीडीएफवरून टायपिंग" अशा जाहिराती येतात. बहिणीने अशा एकाला होकार दिला होता. आधी करार, मग काम, मग "अचूकता ९० टक्क्यांच्या खाली, करारभंग झाला, दंड भरा नाहीतर कोर्टात या" असे रोज फोन. ते कोर्ट वगैरे सगळं बनावट असतं. एक पैसा द्यायचा नाही, १९३० ला (सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला) तक्रार करायची. तिने तेच केलं आणि फोन बंद झाले.

रात्रपाळी

ताळेबंद साहेब, कर शून्य येतो हे माहीत नव्हतं. आयटीआर-४ मागच्या वर्षाचा आता भरता येतो का?

ताळेबंद

कोणतं वर्ष त्यावर आहे, आणि आधी काही भरलंय का त्यावर. वेगळा धागा काढा, इथे फिक्श्चर चालू दे.

जिग-बोअर

पंचगंगाकाठ, मालकाला सांगितलंस, छान केलंस. आता डिझाइनचं थोडं, कारण पहिलं काम बिनबोभाट बसलं की दुसरं आपोआप येतं, जाहिरात करावी लागत नाही.

पहिल्या सेटअपला कास्टिंग कच्चं आहे, तिथे तीनच रेस्ट दे. चौथा द्यायचा मोह होतो, ग्राहकही म्हणतो, "एक जादा द्या की आधाराला." कच्चं कास्टिंग चारांवर कधीच बसत नाही, डुलतं, आणि क्लॅम्प ओढला की वाकतं. आधार हवाच असेल तर स्प्रिंगचा ॲडजस्टेबल सपोर्ट दे, नग बसल्यावर लॉक होणारा. क्लॅम्प रेस्टच्या बरोबर वर. दुसऱ्या सेटअपला दोन भोकांवर घेतोस तर एक गोल पिन, एक डायमंड. डायमंडचं रिलीफ, म्हणजे कापलेल्या बाजू, दोन पिनांना जोडणाऱ्या रेषेच्या दिशेने. हे तुला माहीत असणारच, पण ड्रॉइंगवर बाणाने दाखव, कारण असेंब्लीवाला ती पिन नव्वद अंशात फिरवून ठोकतो आणि नग आत जात नाही.

बर (कापताना कडेला उरणारं कुसळ) राहायला जागा ठेव. पॅड प्लेटपेक्षा दहा-बारा मिलिमीटर उंच, भोवती खाच नको, चिप साठते. पॅड आणि पिना हार्डन करून ग्राइंड, आणि बदलता येतील अशा. मागून बाहेर काढायला भोक ठेव, नाहीतर झिजल्यावर प्लेट कापावी लागते. नगाचं वजन किती? दहा किलोच्या वर असेल तर ऑपरेटरला आधी टेकवायला जागा हवी, मग सरकवून लोकेशनला न्यायचा. आठ तास तो माणूस ते उचलणार आहे.

कन्सेप्ट झाला की पहिले ४० टक्के मागायला लाजू नकोस. सौ.ना सांग, त्या आठवण करतील.

पंचगंगाकाठ

सौ. हे वाचतायत, काका. त्यांनी धागा फोनवर सेव्ह केलाय.

दोन्ही फिक्श्चरचे मिळून सोळा हजार सांगितले. ते म्हणाले बारा. मी म्हटलं, पाच तारखेच्या आत पहिला हप्ता देणार असाल तर पंधरा. झालं. मेलवर "ओके" घेतलंय. उद्यम नोंदणी रात्री बसून केली, खरोखर काही पैसे लागले नाहीत. लॅपटॉपवर फ्रीकॅड टाकलंय, सरावाला एक जुनं ड्रिल जिग काढून बघतोय.

नग सव्वासहा किलोचा आहे. फौंड्रीचं ड्रॉइंग कालच आलं. काका, तुम्ही म्हणालात तेच निघालं: दोन रेस्ट जिथे घेणार होतो, तिथून पार्टिंग लाइन जाते. खालच्या बाजूला तीन बॉस (उठलेले फुगवटे) आहेत, पण त्यातले दोन फार जवळजवळ आहेत, त्रिकोण अरुंद होतोय. बॉसवर घेऊ की रिबच्या (मजबुतीच्या पट्टीच्या) आतल्या सपाट जागेवर?

जिग-बोअर

बॉसवर एक, रिबच्या आत दोन. पण त्या आतल्या जागेला ड्राफ्ट आहे का ते बघ, आणि कोअरने (साच्यात पोकळीसाठी ठेवलेल्या वाळूच्या गाभ्याने) तयार झालेली असेल तर घेऊ नकोस, कोअर सरकतो. स्क्रीनशॉट टाक, पार्ट नंबर आणि ग्राहकाचं नाव झाकून.